टीम लीडने माणसं कशी घडवावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुकतीच टीम हाती आलेले आणि अनेक वर्षं टीम सांभाळणारे, दोघांकडूनही येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांमागे माझी एक ठाम धारणा आहे. माणूस सर्वांत जास्त शिकतो ते त्याच्या वाट्याला आलेल्या कामातून, आणि टीममध्ये काम वाटतो तो लीड. कोणतं काम कोणाला द्यायचं हा तुमचा रोजचा साधा वाटणारा निर्णयच कोणाची प्रगती होणार आणि कोण आहे तिथेच राहणार, हे ठरवत असतो.

शिकवण्यासाठी कंपनीचा ट्रेनिंग विभाग असतो. मग ते माझं काम कसं?

ट्रेनिंग विभाग कोर्स लावू शकतो. पण नव्या क्लायंटचं काम कोणाकडे जाणार, मोठ्या मीटिंगमध्ये कोण बोलणार, कोणाचा रिपोर्ट त्याच्याच नावाने वरपर्यंत पोहोचणार, हे त्या विभागाच्या हातात नसतं. ते तुमच्या हातात असतं.

शिवाय कोर्समध्ये शिकलेलं लगेच वापरायला मिळालं नाही तर ते टिकत नाही. हेर्मान एबिंगहाउसने 1885 मध्ये स्वतःच्या स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. उजळणी झाली नाही तर सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांतच विसरण्याचा वेग सर्वांत जास्त असतो, हे त्यांतून दिसलं. म्हणून कोणाला कोर्सला पाठवण्याआधीच, परत आल्यावर त्याच्या हाती कोणतं काम द्यायचं ते ठरवून ठेवा. असं काम सुचत नसेल तर तो कोर्स सध्या पुढे ढकललेला बरा.

70:20:10 चा नियम पाळावा का?

दिशा म्हणून लक्षात ठेवा, हिशेब म्हणून नको. शिकण्यातला 70 टक्के भाग कामातून, 20 टक्के इतर माणसांकडून आणि 10 टक्के औपचारिक प्रशिक्षणातून येतो, असं या नियमात सांगितलं जातं. त्याची मुळं अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’मधल्या 1980 च्या दशकातल्या कामात आहेत. यशस्वी अधिकाऱ्यांना, तुम्ही कशातून शिकलात असं विचारून मिळालेल्या आठवणींवर ते आकडे उभे आहेत. तेव्हा प्रशिक्षणाचे तास या गुणोत्तरात बसवण्यात वेळ घालवू नका.

मी कामात सर्वांत चांगला होतो म्हणून लीड झालो. आता वेगळं काय करायचं?

जवळजवळ सगळंच. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी अमेरिकेतल्या शंभराहून अधिक कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासून 2019 मध्ये निष्कर्ष मांडले. जास्त विक्री करणाऱ्यांना मॅनेजर होण्याची संधी जास्त मिळत होती. पण ते मॅनेजर झाल्यावर त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी तुलनेने खालावत होती. उत्तम काम करणं आणि इतरांकडून उत्तम काम होईल असं पाहणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दुसरं कौशल्य शिकावं लागतं आणि ते शिकता येतं.

गूगलने 2008 च्या सुमारास ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ नावाने आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास सुरू केला. त्यातून निघालेल्या आठ सवयींमध्ये ‘चांगला कोच असणं’ पहिल्या क्रमांकावर होतं. तांत्रिक ज्ञान होतं, पण आठव्या क्रमांकावर. तंत्रज्ञानावरच उभ्या असलेल्या कंपनीत हे दिसलं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

नव्या लीडला सर्वांत जड जातं ते हात मागे घेणं. समोरचा दोन दिवस लावतोय आणि आपण ते अर्ध्या दिवसात केलं असतं, हे बघवत नाही. पण तुम्ही ते काम ओढून घेतलंत की पुढच्या वेळीही त्याला दोनच दिवस लागणार.

कोणतं काम कोणाला द्यायचं, हे ठरवायचं कसं?

घाई असली की काम भरवशाच्या माणसाकडे जातं. हे इतकं सहज होतं की आपण काही ठरवतोय असं वाटतसुद्धा नाही. वर्षभरानंतर चित्र असं दिसतं: एक-दोन जण कामाखाली दबलेले, थकलेले आणि राजीनाम्याच्या विचारात, बाकीचे गेल्या वर्षी जे करत होते तेच करणारे. मग ‘टीममध्ये दुसरं कोणी तयारच नाही’ अशी तक्रार होते. त्यांना तयार होण्याची संधी काम वाटतानाच नाकारली गेली होती.

मी एक साधा तक्ता ठेवायला सांगतो. डाव्या बाजूला प्रत्येकाचं नाव आणि समोर गेल्या तीन महिन्यांत त्याने पहिल्यांदाच केलेलं काम. ज्यांच्यासमोर जागा रिकामी आहे, त्यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात विचार करायचा. एवढं केलं तरी बरंच काही उघड होतं.

नवं काम निवडताना बहुतेक भाग ओळखीचा आणि एखादाच भाग नवा असावा. आकडे तयार करता येणाऱ्याला ते आकडे क्लायंटसमोर मांडायला द्या. मांडणी येणाऱ्याला क्लायंटशी वेळापत्रकाची बोलणी करायला द्या. सगळंच नवं असलं की माणूस गांगरतो आणि काहीच नवं नसलं की कंटाळतो.

मग धोका मोजायचा. हे काम बिघडलं तर नुकसान किती आणि ते भरून काढता येईल का? भरून काढता येण्यासारखं असेल तर शिकणाऱ्याच्या हाती बिनधास्त द्या. एकदा गेलेलं परत येणारच नाही असं काम असेल, तर अनुभवी माणसाला सोबत द्या, पण काम शिकणाऱ्यानेच करायचं आणि अनुभवी माणसाने तपासायचं. बहुतेक टीममध्ये हे उलटं होतं: अनुभवी माणूस काम करतो आणि शिकणारा शेजारी बसून बघतो. त्यातून फार थोडं हाती लागतं.

आणखी एक गोष्ट कोणी विचारत नाही, पण मला सांगायचीच आहे. मीटिंगची टिपणं काढणं, कार्यक्रमाची जुळवाजुळव, नव्या माणसाला जागा-पासवर्ड मिळवून देणं, अशी कामं कोणाच्या तरी गळ्यात पडतात. ती गरजेची असतात, पण प्रमोशनच्या वेळी कोणी मोजत नाही. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, अशी कामं करायला स्त्रियांना जास्त वेळा विचारलं जातं आणि त्या जास्त वेळा होकार देतात, असं दिसलं. ‘कोण करेल?’ असं विचारून गप्प बसू नका. पाळी लावा.

काम सोपवताना काय काय सांगायचं?

शेवटी काय हवं, ते कशासाठी हवं, कधीपर्यंत हवं, कोणते निर्णय तो स्वतः घेऊ शकतो आणि कोणत्या वेळी तुमच्याकडे यायचंच. कसं करायचं ते त्याच्यावर सोडा. मग त्यालाच विचारा, ‘तू सुरुवात कशी करणार आहेस?’ त्याच्या उत्तरातून गैरसमज पहिल्याच दिवशी लक्षात येतो, डेडलाइनच्या आदल्या रात्री नाही.

लक्ष किती घालायचं? जास्त घातलं तर मायक्रोमॅनेजमेंट म्हणतात, कमी घातलं तर वाऱ्यावर सोडलं म्हणतात.

दोन्ही तक्रारी खऱ्या असतात, आणि त्या एकाच लीडबद्दल एकाच दिवशी होऊ शकतात, कारण माणसं वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. शिक्षणाच्या संशोधनात स्लाव्हा काल्युगा, जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेली एक बाब इथे उपयोगी पडते. पायरी-पायरीने दिलेलं मार्गदर्शन नवख्याला मदत करतं, पण तेच मार्गदर्शन जाणकाराच्या आड येऊ शकतं. त्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टींवर त्याचं लक्ष खर्च होतं.

हे माणूस पाहून ठरवू नका, काम पाहून ठरवा. दहा वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती पहिल्यांदा बजेट बनवत असेल तर बजेटपुरती ती नवखीच. तिला रोज दहा मिनिटं लागतील. तिच्या नेहमीच्या कामात मात्र महिनाभर विचारलं नाहीत तरी चालेल.

आणि तपासणी कधी होणार ते आधीच ठरवून सांगा. ‘बुधवारी कच्चा मसुदा बघू’ असं ठरलेलं असेल तर बुधवारी विचारणं कोणाला खटकत नाही. अधूनमधून खुर्चीमागे येऊन उभं राहणं खटकतं.

लोक प्रत्येक अडचण घेऊन माझ्याकडे येतात. उत्तर देऊन मोकळं होणं सोपं वाटतं. काय चुकतं त्यात?

आज दहा मिनिटं वाचतात आणि उद्या तोच माणूस तसाच प्रश्न घेऊन परत येतो. उत्तर देण्याआधी दोन गोष्टी विचारा: ‘तू आतापर्यंत काय करून पाहिलंस?’ आणि ‘तुला काय करावंसं वाटतं?’ त्याचा मार्ग चालण्यासारखा असेल तर तुमचा मार्ग त्याहून थोडा बरा असला तरी त्याचाच स्वीकारा. स्वतःच्या निर्णयाची जबाबदारी माणूस वेगळ्याच जिद्दीने उचलतो.

अपवाद आहेतच. आग लागलेली असताना कोचिंग करायचं नसतं; क्लायंटचं काम ठप्प असेल तर सरळ सांगा आणि चर्चा नंतर करा. तसंच, ज्याला खरंच काहीच माहीत नाही त्याला प्रश्नांमागून प्रश्न विचारणं हा छळ आहे. त्याला शेजारी बसवून एकदा करून दाखवा.

वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे लीड आणि टीममधली एक व्यक्ती अशा दोघांच्याच ठरलेल्या भेटीत, नेमकं बोलायचं काय?

कामाचा आढावा तिथे घेऊ नका, त्यासाठी बाकी मीटिंग असतात. हा वेळ समोरच्या माणसाचा आहे आणि विषयही शक्यतो त्यानेच आणावेत. दर एक-दोन आठवड्यांनी अर्धा तास पुरतो. मी विचारतो ते प्रश्न साधारण असे: या आठवड्यात कशात अडकलास? कोणतं काम आता डोळे झाकून करता येतं? काय शिकायचंय पण संधी मिळत नाहीये? माझ्यामुळे कुठे अडतंय?

शेवटच्या प्रश्नाला पहिल्या चार-पाच भेटींत खरं उत्तर मिळणार नाही. विचारत राहा. एक दिवस एखादी छोटी तक्रार येईल, आणि तिचं तुम्ही काय करता यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. तसंच, ही भेट वारंवार रद्द करू नका. कामाच्या गर्दीत सर्वांत आधी तीच रद्द होत असेल तर समोरच्याला आपली किंमत कळते.

फीडबॅक दिला की लोक दुखावतात किंवा ढेपाळतात. कसा द्यावा?

फीडबॅकने नेहमी सुधारणाच होते असं मानलं जातं. अव्रहम क्लूगर आणि ॲन्जेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये 600 हून अधिक निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने फीडबॅकचा फायदा होत होता, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा कामगिरी उलट घसरली होती. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला अगदी पटतं: लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळलं की फीडबॅक घातक ठरतो. ‘मी असा आहे का?’ हा विचार सुरू झाला की ‘हे कसं सुधारू?’ हा विचार मागे पडतो.

‘तू निष्काळजी आहेस’ या वाक्याचं समोरच्याने करायचं काय? त्याऐवजी असं बोलता येतं: ‘कालच्या रिपोर्टमध्ये तिसऱ्या तक्त्याची बेरीज जुळत नव्हती आणि तो तसाच क्लायंटकडे गेला. त्यांनी फोन करून विचारलं. पाठवण्याआधीची तपासणी कुठे राहून गेली?’ यात काय घडलं, त्याने काय झालं आणि आता कशावर बोलायचं, हे सगळं आहे. माणसाच्या स्वभावावर शेरा नाही. प्रश्न विचारल्यावर मात्र थांबा. कदाचित तपासणारी व्यक्ती रजेवर होती आणि ते तुम्हाला ठाऊकच नव्हतं.

चुकीबद्दलचा फीडबॅक चारचौघांत देऊ नका, रागात असताना देऊ नका आणि महिनाभर साठवूनही ठेवू नका. एक-दोन दिवसांत दिलेला फीडबॅक छोटा राहतो. दोन कौतुकांच्या मध्ये टीका दडवण्याची पद्धत मला आवडत नाही. काही जणांना त्यातली टीका ऐकूच येत नाही, आणि बाकीचे पुढच्या खेपेपासून कौतुक ऐकलं की धास्तावतात.

आणि फीडबॅक सगळ्यांना सारखाच नेमका मिळतोय ना, ते पाहा. शेली कोरेल आणि कॅरोलिन सिमार्ड यांनी 2016 मध्ये कंपन्यांमधली लेखी मूल्यमापनं तपासून सांगितलं की स्त्रियांना मिळणारा फीडबॅक जास्त मोघम असतो. ‘छान चाललंय’ एवढंच ऐकणाऱ्या व्यक्तीला पुढे कशावर मेहनत घ्यायची ते कळत नाही. तुम्ही लिहिलेली मागची अप्रेझल एकमेकांशेजारी ठेवून वाचा.

कौतुक केलं तर लोक डोक्यावर बसतात का?

नाही. पोकळ कौतुकाने बसत असतील. नेमकं काय चांगलं केलं आणि त्याचा कोणाला उपयोग झाला, ते सांगा. त्या माणसाने केलेलं काम वरिष्ठांपुढे त्याच्याच नावाने मांडा.

चूक झाली तर रागावायचं नाही का? मग शिस्त कशी राहणार?

एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ज्या टीम चांगल्या चालवल्या जात होत्या, त्यांच्यात औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. स्पष्टीकरण असं निघालं की तिथे लोक चुकांबद्दल मोकळेपणाने बोलू शकत होते. इतर ठिकाणी त्या लपत होत्या. पुढे 1999 च्या शोधनिबंधात त्यांनी टीममधल्या या मानसिक सुरक्षिततेचा संबंध शिकण्याशी जोडून दाखवला. न घाबरता ‘माझं चुकलं’, ‘मला कळलं नाही’ किंवा ‘मला हे पटत नाही’ असं म्हणता येणं, म्हणजे ही सुरक्षितता.

याचा शिस्तीशी झगडा नाही. कामाचा दर्जा कडकच ठेवा, पण चूक सांगणाऱ्याला शिक्षा करू नका. वाईट बातमी घेऊन कोणी आलं की तुमचं पहिलं वाक्य सगळी टीम लक्षात ठेवते. ‘कोणी केलं हे?’ ऐवजी ‘बरं झालं लगेच सांगितलंस, आता आधी काय सावरायचं?’ असं म्हणा. सावरून झालं की शांतपणे बसा. अमेरिकेच्या लष्करात 1970 च्या दशकापासून सरावानंतर अशी चर्चा करण्याची पद्धत आहे: काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. काम यशस्वी झालं तरी ही चर्चा करावी, नाहीतर ती फक्त चुका झाल्यावरची चौकशी वाटू लागते.

चूक मुद्दाम लपवणं किंवा पुन्हा पुन्हा सांगूनही तपासणी टाळणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे कडक व्हावंच लागतं.

वर्षातून एकदा होणारं अप्रेझल पुरेसं नाही का?

पगाराच्या निर्णयापुरतं असेल, माणूस घडवायला नाही. अडोबीने 2012 मध्ये वार्षिक अप्रेझल बंद करून वर्षभर होणाऱ्या संवादाकडे मोर्चा वळवला. कर्मचाऱ्यांना ठरावीक प्रमाणात वर-खाली लावण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये सोडली. तुमच्या कंपनीत जुनीच पद्धत असली तरी एक नियम तुम्ही पाळू शकता: अप्रेझलच्या दिवशी कोणालाही नवं काही ऐकायला लागू नये.

काही जणांना पुढे जायचंच नसतं. त्यांचं काय करायचं?

आधी खात्री करा की त्यांना मॅनेजर व्हायचं नाहीये, की शिकायचंच नाहीये. पहिल्या प्रकारचे लोक टीमचा कणा असतात. आपल्या विषयात अधिक खोल जाणं हीही प्रगतीच आहे. त्यांना अवघड काम द्या, नव्या माणसांना त्यांच्याकडे शिकायला पाठवा. काहींच्या घरी आजारपण असतं, लहान मूल असतं; काही काळ ओळखीचंच काम बरं वाटतं. तेही मान्य करा, पण परिस्थिती बदलते म्हणून काही महिन्यांनी पुन्हा विचारा. एकदा ‘नको’ म्हणाला म्हणून त्याचं नाव कायमचं खोडू नका.

माझ्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे सहकारी माझ्या टीममध्ये आहेत. त्यांना मी काय शिकवणार?

शिकवायला जाऊच नका. त्यांना माहीत असलेलं तुम्हाला माहीत नाही, हे उघडपणे मान्य करा आणि महत्त्वाच्या निर्णयाआधी त्यांचं मत घ्या. ‘तुम्ही हे आधी हाताळलंय, यात धोका कुठे दिसतो?’ असं विचारलंत तर निम्मा ताण तिथेच संपतो. निर्णय मात्र तुमचाच, आणि तो का घेतला ते त्यांना आधी सांगायचं. फीडबॅकही टाळू नका. आदरापोटी गप्प राहणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

मी माणूस तयार केला आणि तो सोडून गेला तर?

काही जण जाणारच. नवं शिकायला न मिळाल्यामुळेही लोक जातात, आणि बहुधा चांगलेच जातात. कोणी तयार झाला की त्याच्यासाठी आपल्याच कंपनीत, भले दुसऱ्या टीममध्ये, जागा शोधा. त्याला हातचा राखून ठेवलंत तर ते त्याला कळतं. आणि जाताना त्याची अडवणूक करू नका. उरलेले सगळे बघत असतात.

एखाद्याचं काम सुधारतच नाही. किती काळ थांबायचं?

आधी कारण शोधा. त्याच्याकडून काय अपेक्षित आहे ते त्याला कळलं नाही? येत नाही? येतं पण साधनं किंवा वेळ नाही? की करायचंच नाही? पहिल्या तीन कारणांवर बराच इलाज तुमच्याच हातात असतो. मग नेमक्या अपेक्षा लेखी द्या, मुदत ठरवा, दर आठवड्याला भेटा आणि लागेल ती मदत खरोखर करा. तरीही बदल दिसला नाही तर दुसरी भूमिका किंवा निरोप, हा निर्णय लांबवू नका. त्याचं राहिलेलं काम रोज दुसरं कोणीतरी करत असतं, आणि त्याची स्वतःची वर्षंही वाया जात असतात.

प्रमोशन आणि पगारवाढ माझ्या हातात नाही. मग मी काय देऊ शकतो?

खोटं आश्वासन देऊ नका, एवढं पहिलं. ‘पुढच्या वर्षी नक्की’ हे वाक्य दोनदा खोटं ठरलं की तुमच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहत नाही. वरच्या पदासाठी काय पाहतात ते वरिष्ठांकडून नेमकं काढून घ्या, त्याला सांगा, आणि तसं काम त्याला आधीच मिळवून द्या. जिथे निर्णय होतो त्या खोलीत त्याच्याबद्दल पुराव्यासह बोलणारे फक्त तुम्हीच असता.

मी यात सुधारतोय की नाही, हे कसं कळेल?

टार्गेट पूर्ण होण्यावरून कळणार नाही. लोकांना पिळूनही टार्गेट पूर्ण होतं. वाईट बातमी तुमच्यापर्यंत लवकर येते का, ते पाहा. मीटिंगमध्ये तुमच्याशी कोणी असहमत होतं का? तुमच्या टीममधून गेलेले लोक पुढे काय करू लागले? आणि एकदा आठवडाभर रजा घ्या, फोन बंद ठेवून. परत आल्यावर कोणकोणती कामं तुमच्यासाठी थांबून होती त्यांची यादी करा, आणि प्रत्येक कामासमोर, पुढच्या तीन महिन्यांत ते कोण शिकणार त्याचं नाव लिहा.